शिंकणारा ऑर्केस्ट्रा आणि हंगेरियन म्हणजे नक्की कोणाचं

ब्राम्सचा हंगेरियन डान्स नंबर ५ तुम्ही ऐकलेला आहे. नाही म्हणू नका, नाव माहीत नसेल पण ऐकलाय, लहानपणी कार्टूनमध्ये, कुठल्यातरी जाहिरातीत नाहीतर कुणाच्या तरी रिंगटोनमध्ये. आधी दमात घेतल्यासारखी ती खालच्या सुरातली ओळ, मग एकदम सुटलेली पळापळ, मधेच ब्रेक मारल्यासारखं थांबणं आणि परत पळ. जगात कुठेही विचारा, हंगेरियन संगीत म्हटलं की हेच. आणि गंमत अशी की हा डान्स जर्मन माणसाने लिहिलाय आणि चाल त्याचीही नाही. ब्राम्सला वाटलं ही लोकांमध्ये फिरणारी चाल आहे, म्हणून त्याने ती घेतली, पण ती केलेर बेला नावाच्या संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेली चार्दाश, म्हणजे हंगेरियन नाचाची रचना निघाली. बार्तफा गावच्या आठवणीत लिहिलेली, आणि ते गाव आता स्लोव्हाकियात आहे. म्हणजे जगातली सगळ्यात फेमस हंगेरियन गोष्ट धड लोकगीत पण नाही, धड ब्राम्सची पण नाही आणि जिच्या नावाची आहे ते गावही आता हंगेरीत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आईला घेऊन झेनेआकादेमियाला गेले होते. आई सध्या सांगलीहून इकडे बुडापेस्टला आलीय, म्युझियमं बघून झाली, आंघोळीचे ते गरम पाण्याचे हौद बघून झाले (आत उतरायला साफ नकार), मग ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं की कॉन्सर्ट आहे, सगळं हंगेरियन लोकसंगीतावर आधारलेलं, स्वस्तातली वरच्या बाल्कनीची तिकिटं मिळतील. आई गाणं शिकलेली आहे, बैठकीत बसून ऐकायची सवय आहे, तिला ऐंशी माणसं एकदम वाजवतात हा प्रकार कितपत झेपेल अशी जरा शंका होती.

झेनेआकादेमिया म्हणजे हंगेरियन संगीतकार लिस्टच्या नावाची म्युझिक अकॅडमी. ही इमारत १९०७ सालची, दारावर खुद्द लिस्ट पुतळा होऊन बसलेला, आत शिरलं की झोल्नाई कारखान्याच्या चकाकत्या टाइल्स, सोनेरी पानं, हिरवट काळोख, आधी देवळात आल्यासारखं वाटतं आणि मग राजवाड्यात. २०१३ ला रिपेअर होऊन परत उघडली तेव्हापासून अगदी झळाळतेय. याच संस्थेत बार्तोक पियानो शिकवायचा आणि कोदाय कंपोझिशन, दोघेही विसाव्या शतकातले मोठे हंगेरियन संगीतकार, म्हणजे आपण ज्यांचं ऐकायला आलो तेच इथे मास्तर होते. कोट मात्र खाली जमा करायचा, अंगात घालून आत बसलात तर शेजारचे आजोबा असं बघतात की बस.

सुरुवात लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हाप्सोडीने. तो मांजर-उंदराचा पियानोवाला प्रकार आठवतो ना, तीच. आधी लाशू, म्हणजे संथ भाग, मग फ्रिश, म्हणजे जलद. आईने दोन मिनिटांत मान डोलवली आणि कानात म्हणाली, "अगं हे आधी विलंबित, मग द्रुत." हो, आणि तसंच संथ भागात प्रत्येक सूर ओढून, नटवून, सजवून, मध्ये थांबून लोकांकडे बघून वाजवायचा. वेर्बुंकोश नावाचा एक नाच होता अठराव्या शतकात, सैन्यात पोरं भरती करायला हुस्सार म्हणजे घोडेस्वार शिपाई गावोगाव जायचे, बँड वाजवायचा, हे नाचायचे, दारू पाजायचे आणि पोरगा सकाळी शुद्धीवर येईपर्यंत शिपाई झालेला असायचा. त्याचंच पुढे चार्दाश झालं. वाजवणारे बहुतेक रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे ते. त्यातला सगळ्यात गाजलेला व्हायोलिनवाला यानोश बिहारी (नाही, पाटण्याशी काही संबंध नाही), १८२७ ला गेला, आणि लहानपणी त्याला ऐकून लिस्ट पार वेडा झाला होता.

इतका की १८५९ मध्ये लिस्टने पुस्तकच लिहिलं, त्यात सरळ म्हणून टाकलं की हंगेरियन संगीत म्हणजे रोमा लोकांचं संगीत, त्यांनीच निर्माण केलं. हंगेरियन लोक भडकले. लिस्ट जन्माने हंगेरीचा, पण त्याला हंगेरियन भाषा धड येत नव्हती, त्यामुळे याला काय कळतंय असंही झालंच असणार.

मग येतो बार्तोक, आणि इथे गोष्ट खरी सुरू होते. १९०४ चा उन्हाळा, तेविशीतला बार्तोक आता स्लोव्हाकियात असलेल्या गेर्लित्सेपुस्ता नावाच्या गावी राहायला गेला होता, तिथे घरात मूल सांभाळायला ट्रान्सिल्वानियाची एक तरुण मुलगी होती, लिदी दोशा. ती गात होती, लाल सफरचंद चिखलात पडलं असं काहीसं साधं गाणं. आणि बार्तोकच्या लक्षात आलं की आपण जे हंगेरियन म्हणून आजपर्यंत वाजवतोय त्याचा या गाण्याशी काही संबंधच नाही. पुढे कोदायशी ओळख झाली, तो आधीच गावं फिरायला लागला होता, आणि दोघं एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाची नळकांडी घेऊन खेड्यापाड्यांत जायला लागले. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटांचं गाणं मावणार. म्हाताऱ्या बायका लाजायच्या, शहरातला साहेब आलाय म्हणून मुद्दाम शहरातली गाणी म्हणून दाखवायच्या, यांना मात्र जुनं पाहिजे असायचं. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस गाण्यांचं पुस्तक काढलं. नंतर बार्तोक नुसत्या हंगेरियन गावांत थांबला नाही, स्लोव्हाक, रोमानियन, १९१३ मध्ये अल्जीरियात बिस्क्राला, १९३६ मध्ये तुर्कस्तानात. या माणसाची प्रकृती कायम नाजूक, आणि त्यात ही यंत्रं घेऊन बैलगाडीने फिरणं, मला तर आपण लोकल बदलतानाच दमतो हे आठवून लाज वाटली.

त्याचे रोमानियन लोकनृत्य होते नंतर. सहा छोटे नाच, मिळून सात मिनिटंही नाहीत. १९१५ मध्ये पियानोसाठी केले, १९१७ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी. पहिला काठीचा नाच, शेवटचा इतका फास्ट की संपला हे कळेपर्यंत संपलेला असतो. मधला तिसरा 'एकाच जागी' नावाचा, पिकोलो म्हणजे ती छोटी किरटी बासरी, खाली एकच सूर धरलेला तानपुऱ्यासारखा, आणि वर कोमल गंधारावरून थेट तीव्र मध्यमावर उडी. आई खुर्चीतून पुढे सरकली. "मधुवंती?" मी म्हटलं आई, ट्रान्सिल्वानिया. "असेल, पण तो मध्यम बघ कसा लावला." पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. मी हसून माफी मागितली. आईने नाही मागितली.

मुळात याचं नाव 'हंगेरीतील रोमानियन लोकनृत्य' असं होतं. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात ट्रान्सिल्वानिया रोमानियाला गेलं आणि नावातलं हंगेरी गळून पडलं. त्याच वर्षी पेपरांतून बार्तोकवर टीकेची झोड उठली की हा रोमानियन लोकांच्या गाण्यांवर लिहितो म्हणजे देशद्रोहीच. गाणी गोळा करणाऱ्या माणसाला देशद्रोही म्हणायला काय लागतं, नकाशा बदलला की पुरे.

आणि अजून एक, जे मला घरी येऊन वाचताना कळलं आणि ज्यामुळे ही पोस्ट लिहायला घेतली. तो पहिला काठीचा नाच बार्तोकने ऐकला तो मेझोसाबाद नावाच्या गावात, दोन रोमा व्हायोलिनवाल्यांकडून. म्हणजे ज्या बार्तोकने आयुष्यभर सांगितलं की कॅफेतलं रोमा बँडचं संगीत वेगळं आणि शेतकऱ्यांचं खरं संगीत वेगळं, त्याच्या सगळ्यात लोकप्रिय रचनेची पहिली चाल रोमा वादकांच्याच हातून आलेली आहे.

बार्तोकचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं हां. १९३१ मध्ये त्याने लेख लिहिला, रोमा संगीत की हंगेरियन संगीत असा प्रश्न विचारून, आणि उत्तर दिलं की लोक ज्याला रोमा संगीत म्हणतात ती गाणी हंगेरियन बड्या घरच्या लोकांनी रचलेली आहेत, रोमा फक्त वाजवतात. रोमा लोकांची स्वतःची गाणी स्वतःच्या भाषेत वेगळीच आहेत. बरोबर आहे. पण 'फक्त वाजवतात' यातल्या 'फक्त'ला माझा आक्षेप आहे. आपल्याकडे बंदिश कोणी बांधली हे अर्ध्या वेळा कुणाला माहीत नसतं, गाणं कुणाचं तर गाणाऱ्याचं. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, कुठला सूर नटवायचा, चाल फास्ट कधी करायची, हे सगळं तो करतो आणि तुम्ही म्हणता फक्त वाजवतो? लिस्टने सगळं श्रेय रोमांना दिलं, बार्तोकने सगळं काढून घेतलं, आणि दोघांपैकी कुणीही त्या व्हायोलिनवाल्याला विचारलं नाही. हजारएक वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले हे लोक, त्यांची भाषा आपल्या मराठी-हिंदीच्याच कुळातली, म्हणून मी बायस्ड असेन कदाचित. असेन तर असेन.

त्याच्यानंतर बार्तोकचीच हंगेरियन चित्रं, १९३१ ची. पहिलं 'गावातली संध्याकाळ'. इथे आई एकदम गप्प झाली आणि ती गप्प झाली म्हणजे काहीतरी आहे. संथ, लय न धरता बोलल्यासारखी चाल, वरून खाली उतरत येणारी, आणि सूर पाचच. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी! शुद्ध धानी. हे जुन्या हंगेरियन गाण्यांचं खास लक्षण, पाच सुरांचं, वरून सुरू होऊन खाली येणारं, आणि दोन तऱ्हेने म्हणायचं, एक बोलल्यासारखं मोकळं, दुसरं ठेक्यात. मध्येच बासरीवर तो ठेक्यातला खेळकर भाग येतो, परत संथ, परत खेळकर. मी नंतर आईला सांगितलं की ही चाल कुठल्याही गावात गोळा केलेली नाही, बार्तोकने स्वतः बनवलीय. पाच तुकड्यांपैकी शेवटचा डुकरं राखणाऱ्याचा नाच तेवढा खऱ्या लोकगीतावर आहे, बाकी अस्वलाचा नाच, थोडी चढलेला माणूस वगैरे सगळं त्याच्या डोक्यातून. आईला काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, इतकी वर्षं ऐकलं तर येणारच ना आतून.

इंटरव्हलला पोगाचा खाल्ले, चीजचे छोटे खारे बिस्किट-पाव म्हणा हवं तर. सगळे उभं राहून फ्रोच पीत होते, वाईनमध्ये सोडा. आईने पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या बुटांचं निरीक्षण केलं.

दुसऱ्या भागात कोदाय. आणि मला आता स्पष्ट लिहायचंय की मला कोदाय जास्त आवडतो. बार्तोक मोठा, मान्य, जगात नाव त्याचं, १९४० मध्ये सगळं सोडून अमेरिकेला गेला, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारला, १९८८ मध्ये इथे आणून परत दफन केलं, सगळी कहाणीच तशी. कोदाय इथेच राहिला, शाळेतल्या पोरांना गायला शिकवायच्या मागे लागला, मास्तर माणूस. पण गालांता नृत्य ऐका. १९३३ मध्ये बुडापेस्ट फिलहार्मोनिकला ८० वर्षं झाली म्हणून लिहिलं. गालांता हे त्याच्या लहानपणीचं गाव (हेही आता स्लोव्हाकियात, मला वाटतं मी ही ओळ टाइप करून ठेवायला हवी होती), वडील स्टेशनमास्तर, तिथे सात वर्षं राहिले. त्या गावात एक नामांकित रोमा बँड होता, आणि लहानग्या कोदायने ऐकलेला पहिला 'ऑर्केस्ट्रा' तोच. मोठेपणी त्याला व्हिएन्नात १८०० च्या आसपास छापलेला एक संग्रह मिळाला ज्यात गालांताच्या रोमांकडून घेतलेले नाच होते, त्यावरून हे रचलं.

म्हणजे बघा, बार्तोकचा जिगरी दोस्त, त्याच्याबरोबर गावं पालथी घातलेला, अस्सल शेतकरी गाणं कोणतं यावर जन्मभर काम केलेला माणूस, आणि त्याचं सगळ्यात देखणं काम एका रोमा बँडच्या आठवणीवर. आणि लिस्टसारखं झगमगीत नाही केलेलं, आतून माहीत असलेल्या माणसाने केलंय. सुरुवातीला चेलो सांगतात, मग सगळे थांबतात आणि क्लॅरिनेट एकटं. वर जातं, घसरतं, लाडात येतं, आणि मग मुख्य चाल, अशी ताठ मानेची, मिशीला पीळ दिलेली. त्या क्लॅरिनेटवाल्या मुलीने जे काही वाजवलं ते मी शब्दात सांगत बसत नाही. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून चालीही तशाच, पहिल्यावरच धाडकन, आधी कुठलीही तयारीची मात्रा नाही. ऐकताना आपला पाय बरोबर पडतो. पुढे नाचांमागून नाच, लय वाढत वाढत, एका जागी सगळं तुटून गप्प, परत ती क्लॅरिनेटची आठवण, आणि मग शेवटी सुटले. सोळाएक मिनिटं. आईने गुडघ्यावर ताल धरला होता, पुढच्या बाईंनी पण.

शेवटी हारी यानोश स्वीट, म्हणजे सलग वाजवायच्या तुकड्यांची माळ, कोदायच्याच १९२६ च्या संगीत नाटकातून. हारी यानोश हा म्हातारा शिपाई, गावच्या गुत्त्यात बसून थापा मारतो, मी एकट्याने नेपोलियनला हरवला, राजकन्या माझ्यावर भाळली, वगैरे. आणि संगीत सुरू होतं तेच शिंकेने. सगळा ऑर्केस्ट्रा मिळून शिंकतो, आधी ते नाकात हुळहुळणं, चढत जाणारं, आणि मग आ...क्छी! इथे समजूत आहे की कुणी गोष्ट सांगताना ऐकणारा शिंकला तर गोष्ट खरी. आईला हे आधी सांगून ठेवलं होतं तर म्हणाली, आमच्याकडे शिंकलं की निघालेला माणूस परत बसतो. नेपोलियनच्या लढाईत ट्रॉम्बोन इतके वेडेवाकडे घसरतात की लोक खरंच हसले, आणि हरल्यावर सॅक्सोफोन रडतो, भोकाड पसरून.

पण त्याआधी गाणं आहे, एकटा व्हायोला सुरू करतो, साथीला कुणी नाही. आणि मग त्सिम्बालोम. आईने ते वाद्य सुरुवातीपासूनच हेरून ठेवलं होतं, स्टेजवर टेबलासारखं, दोन काड्या घेऊन माणूस बसलेला. "संतूर आहे ते." हो, संतूरचाच भाऊ, फक्त हा पाय असलेला, मोठा, आणि खाली पेडल, आस थांबवायला. १८७४ मध्ये इथे बुडापेस्टलाच शुंडा नावाच्या वाद्य बनवणाऱ्याने त्याला पेडल लावून कॉन्सर्टला नेण्याजोगा केला. त्याआधी गळ्यात अडकवून वाजवायचे, रोमा बँडमध्ये, आणि नंतरही मोठे वादक बरेचसे तिथूनच आलेले. १९१५ मध्ये जिनिव्हात अलादार राच नावाच्या रोमा वादकाला ऐकून रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने स्वतःसाठी एक विकतच घेतला. इंटरमेत्झोमध्ये त्सिम्बालोम जो काही वाजला त्याला आई पूर्ण शरण. पुढे बादशहाची मिरवणूक आली तेव्हा ती अजून संतूरवरच होती.

टाळ्या. इथे लोक आधी कशाही वाजवतात आणि मग आपोआप एका लयीत येतात, सगळं सभागृह एक ठेका धरतं, हळूहळू फास्ट होतं, परत विस्कटतं, परत जुळतं. त्याचीही लाशू-फ्रिश. मग एन्कोर, आणि एन्कोर काय तर ब्राम्सचा नंबर ५! सगळे खूश. मैत्रिणीला म्हटलं, अगं एवढं अस्सल ऐकवून शेवटी हे? ती म्हणाली, आमच्या आजीच्या लग्नात हेच वाजलं होतं, आता आमचंच आहे ते. याच्यावर काय बोलणार.

बाहेर लिस्ट फेरेंत्स चौक, कॅफे, टेबलं, गर्दी. याच चौकातल्या एका बुक क्लबमध्ये ६ मे १९७२ ला पहिलं तांत्सहाझ झालं, म्हणजे नाचघर, शहरातल्या तरुण पोरांनी खेड्यातले नाच खेड्यातल्यासारखेच नाचायचे, स्टेजवर नाही, जमिनीवर, सगळ्यांनी. वाजवणारे शेबो फेरेंत्स आणि हाल्मोश बेला. ते शिकले कुणाकडून तर ट्रान्सिल्वानियातल्या सेक सारख्या गावांतून, आणि तिथे शेतकऱ्यांच्या लग्नात अस्सल शेतकरी संगीत वाजवणारे बँड कुणाचे? बरेचसे रोमांचे. म्हणजे बार्तोकने काढलेली रेघ गावात गेलं की सापडतच नाही, नाचणारा शेतकरी, वाजवणारा रोमा, आणि चाल दोघांची. २०११ मध्ये युनेस्कोने तांत्सहाझची पद्धत आपल्या यादीत घेतली, शहरात अजून बऱ्याच ठिकाणी चालतं.

मैत्रीण म्हणाली शनिवारी एक आहे, सुरुवातीला तासभर स्टेप्स शिकवतात, कुणीही येऊ शकतं. आईने विचारलं, साडीत चालेल का. मैत्रिणीने आईच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली साडी चालेल, पण बूट घालावे लागतील. तर आता उद्याच बूट शोधायला जायचंय, आईचा नंबर साडेपाच, आणि तिला टाच अजिबात नकोय.